अखेरचा साठा बसवू नका, मोजा

मी सांगली जिल्ह्यात गेली १८ वर्षे छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो आणि त्यांची विवरणपत्रे भरतो. या काळात कीर्द-खतावणीच्या लाल वह्या मागे पडल्या, जवळपास प्रत्येक दुकानात टॅली किंवा तसेच एखादे सॉफ्टवेअर आले, तरी दर एप्रिलमध्ये मला तोच प्रश्न विचारावा लागतो की एकतीस मार्चचा स्टॉक किती धरायचा, आणि बहुतेक ठिकाणी तेच उत्तर मिळते, "साहेब, तुम्हीच बसवा." सॉफ्टवेअरवर केलेल्या खर्चाचा मोठा भाग या एका उत्तरात वाया जातो, असे माझे ठाम मत आहे.

साठा बसवणे म्हणजे काय, ते आमच्या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. समजा, वर्षाच्या सुरुवातीला माल १२ लाखांचा होता, वर्षभरात खरेदी ८० लाखांची झाली आणि विक्री ८८ लाखांची. ढोबळ नफा १० टक्के धरला की विकलेल्या मालाची किंमत ७९ लाख २० हजार येते आणि अखेरचा साठा १२ लाख ८० हजार निघतो. हा आकडा स्टॉक इन हँडच्या खात्यात टाकला की ताळेबंद जुळतो. फळीवर प्रत्यक्षात माल १० लाखांचाच असेल, तर २ लाख ८० हजारांचा असा नफा कागदावर आलेला असतो जो कुणाच्या गल्ल्यात कधी पडलाच नाही. त्यावर कर भरला जातो, तोच फुगलेला साठा पुढच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक होतो, आणि बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचे खेळते कर्ज, घेतलेले असेल तर दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरही तोच आकडा सहीनिशी जातो. मालकाला यात आपण काही खोटे लिहीत आहोत असे वाटतही नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

टॅलीत हिशेब आणि मालसाठा एकमेकांना जोडण्याची एक सेटिंग आहे. ती 'नो' असेल तर अखेरचा साठा हाताने लिहावा लागतो, 'यस' असेल तर प्रत्येक खरेदी-विक्रीच्या बिलातून तो आपोआप तयार होत जातो. मी पाहिलेल्या अनेक दुकानांत ती 'नो'च असते. हिशेब लिहिणारा मुलगा रविवारी येतो आणि आठवड्याची विक्री दिवसाला एका ओळीत चढवतो. किरकोळ ग्राहकांची विक्री जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दरनिहाय एकत्र देता येत असल्याने विवरणपत्रही बिनबोभाट भरले जाते. मात्र केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ५६ नुसार, कंपोझिशनमधील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेतील, व्यापारी सोडून प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याने मालाची सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक, नाश आणि अखेरची शिल्लक यांचा हिशेब ठेवलाच पाहिजे, ही गोष्ट तपासणीची नोटीस येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

२०२५ च्या श्रावणात, खरिपाची घाई सरल्यावर आणि द्राक्षांची फळछाटणी सुरू होण्याआधी, तासगाव तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात आम्ही ही सेटिंग 'यस' केली. दुकानाचे मालक वयाने मोठे आहेत आणि सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. आधीच्या मुलाने अधूनमधून वस्तुनिहाय नोंदी केल्या होत्या, त्यामुळे आम्ही त्या तपासायला बसलो. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे अर्ध्या किलोचे पाकीट तीन नावांनी चढवलेले सापडले: 'मॅन्कोझेब अर्धा किलो', 'एम ४५ ५०० ग्रॅम' आणि 'मॅन्को हाफ'. पहिल्या नावाखाली उणे ४६ पाकिटे दिसत होती, दुसऱ्याखाली ५२ आणि तिसऱ्याखाली ९. तिन्हींची बेरीज १५, आणि फळीवर मोजली तेव्हा पाकिटे निघाली १४. म्हणजे माल जवळपास सगळा जागेवर होता, नावांचाच घोळ होता. खरेदी एका नावाने आणि विक्री दुसऱ्या नावाने चढली की एक वस्तू उणे होते, दुसरी साचत जाते, आणि अशा नोंदींवरून निघालेली सरासरी किंमत व वस्तुनिहाय नफा यांवर काडीचाही विश्वास ठेवता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की नवी वस्तू तयार करण्याचा अधिकार दुकानात एकाच माणसाकडे असावा, आणि नाव ठरवताना घटक, प्रमाण, वजन हा क्रम कधी मोडू नये.

त्याच दिवशी शिडीखालच्या फळीवर एका बुरशीनाशकाचे सात बॉक्स निघाले, ज्यांची मुदत संपून चार महिने झाले होते. मुदतीच्या आत कंपनीला परत पाठवण्याची वेळही निघून गेली होती. मुदतबाह्य कीटकनाशके वेगळी काढून, त्यांवर विक्रीसाठी नसल्याचा शिक्का मारून स्वतंत्र जागी ठेवावी लागतात, आणि असा माल हिशेबातून काढून टाकला की त्यावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट, परत करावे लागते. रासायनिक कीटकनाशकांवर जीएसटी १८ टक्के आहे. अण्णा बॉक्सवरची तारीख दोनदा वाचून काही न बोलता खुर्चीवर बसले. हेच बॉक्स बॅच क्रमांक आणि मुदतीच्या तारखेसह चढवलेले असते, तर मुदत जवळ आलेल्या बॅचेसची यादी आम्हाला कितीतरी महिने आधी काढता आली असती. ही सोय त्यांच्याच संगणकात होती आणि तिचे पैसे त्यांनी केव्हाच भरलेले होते.

महिनाभरात या मोजणीचा आणखी एक उपयोग झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये व जैविक कीटकनाशके १२ वरून ५ टक्क्यांवर आली. त्या दिवशी १२ टक्क्यांनी खरेदी केलेला किती माल शिल्लक आहे आणि कोणत्या वस्तूंची किंमत बदलायची, याची यादी अण्णांच्या हातात सकाळी दुकान उघडतानाच होती.

काउंटरवर गर्दी असताना बॅच निवडत बसायला वेळ कुठला, हा आक्षेप मी रास्त मानतो. छाटणीनंतर द्राक्षांवरील भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांसाठीच्या फवारण्या सुरू झाल्या की सकाळी सातला दुकानापुढे रांग लागते. त्यासाठी आम्ही बॅचची सक्ती फक्त औषधांपुरती ठेवली, खताच्या गोणीला ती लावली नाही. शिवाय वर्षातून एकदा सगळे दुकान बंद ठेवून मोजणी करण्यापेक्षा रोज संध्याकाळी एक फळी मोजायची आणि फरक टॅलीतील फिजिकल स्टॉक व्हाउचरने (प्रत्यक्ष मोजलेला साठा नोंदवण्याच्या सोयीने) त्याच दिवशी नोंदवायचा, असे ठरवले. एका फळीला वीस मिनिटे लागतात. फरक ताजा असतो तेव्हा त्याचे कारण आठवते, वर्षाने मोजल्यावर ते कुणालाच सांगता येत नाही.

उधारीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर वेगळे लिहावे लागेल. बेदाणा विकला गेल्यावर शेतकरी एकरकमी पैसे आणून देतो आणि आपण ते 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्या बिलापोटी ते न लिहिता, जमा करून टाकतो. पैसे बिलनिहाय जमा केले नाहीत, तर कुणाचे कोणते बिल किती दिवसांचे थकले आहे हे संगणक सांगूच शकत नाही, आणि पुढच्या हंगामात कुणाला किती माल द्यायचा याचा निर्णय पुन्हा आठवणीवर येऊन पडतो.

वस्तुनिहाय नफ्याचा अहवाल मात्र अण्णांना मी अजून दाखवलेला नाही. कंपन्यांच्या स्कीमच्या क्रेडिट नोट, म्हणजे खरेदीवर नंतर मिळणाऱ्या सवलतीची पत्रे, वर्षाअखेरीस येतात, तोवर बिलावरची खरेदी किंमत खऱ्या किमतीपेक्षा जास्त दिसते आणि चांगला चालणारा माल तोट्यात असल्यासारखा भासतो. त्या नोटा वस्तुनिहाय वाटून चढवल्याशिवाय तो अहवाल वाचण्यात अर्थ नाही. ते काम मार्चमध्ये मी स्वतः बसून करणार आहे. औषधांच्या सगळ्या फळ्या एकदा मोजून झाल्या आहेत, बियाण्यांचा रॅक तेवढा बाकी आहे, आणि तो पाडव्याच्या आत पुरा करायचे ठरले आहे.