भिंत काढायचे पैसे कसले घेता?

"नॉर्मल हाय की ओ अक्का, स्पिनला एवढा आवाज येतोच." एवढं बोलून, व्हिजिट चार्ज घेऊन धुण्याच्या मशीनचा सर्व्हिसवाला पोरगा आज निघून गेला. मशीनला हात लावला नाही. पाणसळ ठेवून बघितली नाही, कोपऱ्यावर दाबून कुठला पाय अधांतरी आहे ते बघितलं नाही, मागचं झाकण काढणं तर लांबच. खिशातला मोबाइल काढला, त्यातल्या अ‍ॅपवर ७४ डेसिबल आलं, ते मलाच दाखवलं आणि वर म्हणाला नॉर्मल. हॉलच्या मधोमध ७४! रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५, ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहून ठेवलेली आहे. पण ती बाहेरच्या आवाजाला. सोफ्यापासून चार हातांवर जे गुरगुरतंय त्याला कोण विचारणार?

त्याला बोलावलं ते सासूबाईंमुळे. काल त्यांना कानाचं मशीन बसवून आणलं. किती महिने नको नको म्हणत होत्या, शेवटी नातवानं समजूत काढली. घरी आल्यावर खुशीत होत्या. कुकरची शिट्टी ऐकली, खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाळी ऐकली, निपाणीच्या बहिणीला फोन लावायला सांगितला. फोन लागला, दोघींचं बोलणं सुरू झालं आणि इकडे धुण्याचं मशीन स्पिनला गेलं. सासूबाईंचा चेहराच पडला. फोन माझ्या हातात दिला, कानातलं काढलं, पुसून डबीत ठेवलं. "आत्ती, काय झालं?" तर म्हणाल्या, "अगं, ह्याच्यातनं नुसतं तेच ऐकू येऊलंय. ठेवून दे ते." कानाचं मशीन सगळेच आवाज वाढवतं, घरघरीतनं माणसाचं बोलणं वेगळं काढणं म्हाताऱ्या कानाला जमत नाही. आज सकाळपासून ती डबी टीव्हीखालीच आहे. आणि तो मला नॉर्मल म्हणतो!

मशीन चांगलं आहे, १२०० आरपीएमचं. म्हणजे मिनिटाला १२००, सेकंदाला वीस फेरे. आत ओली चादर एका बाजूला गोळा झाली की ते वजन सेकंदाला वीसदा मशीनला हिसका देतं. मशीन जमिनीला देतं, जमीन बीमला देते आणि बीम आमच्या जेवणाच्या टेबलाला. ताटातली आमटी थरथरताना दिसायची. हवेतनं येणारा आवाज वेगळा, फरशीतनं चढणारा वेगळा. हे त्या पोराला मी समजावून सांगायचं? पहिल्यांदा मशीन लावायला आलेला तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायचंच विसरला होता. आतला ड्रम प्रवासात हलू नये म्हणून कंपनी ते घालून पाठवते. ते तसेच ठेवून चालू करून गेला. मशीन चालत चालत फ्रीजला येऊन धडकलं. फ्रीजच्या दारावर तो पोचा अजून आहे.

खरा राग मात्र त्या पोरावर नाही, घर बांधणाऱ्यावर आहे.

सगळं ओपन. किचन ओपन, डायनिंग ओपन, हॉल ओपन आणि कपडे धुण्याची जागा म्हणजे किचन ओट्याच्या पलीकडचा कोनाडा. दार नाही, पडदीची भिंत नाही, उंबरासुद्धा नाही. त्याला युटिलिटी म्हणायचं आणि स्क्वेअर फुटात धरून पैसे घ्यायचे. भिंतीचा खर्च वाचला तुझा, भाव वाढला तुझा आणि आवाज आमच्या वाट्याला. सँपल फ्लॅट दाखवला तेव्हा त्या कोनाड्यात मनीप्लांट ठेवलं होतं. अख्ख्या सँपल फ्लॅटमध्ये धुण्याचं मशीन नव्हतं, दोरी नव्हती, बादली नव्हती, पोछासुद्धा नव्हता. ह्या घरात कपडे धुवायचे आहेत हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्यानं जन्मात धुणं धुतलेलं नसणार.

माझं माहेर इथलंच, बेळगावातल्या वडगावचं. घरातच माग होते, सकाळी सुरू झाले की रात्रीपर्यंत खटखट. पण मागाच्या खोलीला दार होतं, मधे दीड वीत जाडीची मातीची भिंत होती आणि धुण्याचा दगड परड्यात. स्वयंपाकघरात आई हळू बोलली तरी कळायचं. शिक्षण नसलेल्या गवंड्याला तेव्हा जे कळत होतं ते डिग्रीवाल्याला आता कळत नाही, आणि त्याला आम्ही मॉडर्न म्हणून लाखांनी पैसे मोजायचे!

"मग स्पिन कमी कर की," असं म्हणणारे आहेतच. करते की, मार्च-एप्रिलमध्ये ६०० वर ठेवते. जूनमध्ये बेळगावात राहून दाखवा. खानापूर-जांबोटीकडनं एकदा पाऊस लागला की सूर्य दिसत नाही, चादरीला कुबट वास, मुलांचे गणवेश इस्त्रीनं वाळवायचे. १२०० वर पिळल्याशिवाय कपडा वाळतच नाही. "दुपारी लाव, रात्री लाव," हे दुसरं. शहराच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आलं, आमच्याकडे अजून वार लावून येतं. ज्या दिवशी टाकी भरते त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगची धुणी एकदम. आमच्या डोक्यावर वरच्यांचं, पायाखाली खालच्यांचं, मधे आमचं. नवरा त्याच टेबलावर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये. मुलगी बारावीची. कुणी कुठे जायचं?

आणि धुणं संपल्यावरचं ते गाणं! कपडे झाले हे सांगायला अर्धा मिनिट ट्यँव ट्यँव कशाला? एकदा वाजव आणि गप्प बस. कचऱ्याच्या गाडीचं गाणं, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं, लिफ्टचं दार उघडं राहिलं की तिचं गाणं. वरच्या मजल्यावर ड्रिल कधी संपणार हे विचारायचं नाही. गणपती विसर्जनाला बेळगाव दुसऱ्या दिवसापर्यंत जागं असतं, ते वर्षातनं एकदा, त्याबद्दल बोलत नाही, जरी काच हलते तरी. पण घरातली शांतता तरी आपल्या हातात हवी ना?

सल्ले देणारेही कमी नाहीत. एकानं अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायला सांगितले. चुलतदिरांनी फोमचे चौकोन आणून दिले, ते लावले. फोमनं खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडे जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. वीट लागते, जाड दार लागतं, फटीला रबर लागतं. बोटभर फट राहिली तरी केलेलं सगळं वाया. मशीनच्या पायाखाली जाड रबरी पॅड ठेवले, पाय फिरवून चारही बाजूंनी लेव्हल केलं, मागची भिंत आणि मशीन ह्यांत चार बोटं अंतर सोडलं, सांडपाण्याचा पाइप भिंतीला घासत होता त्याला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळला. टेबल हलायचं थांबलं, हे खरं. हवेतनं येणारं मात्र तसंच, कारण खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड, वर पीओपी, समोर काच. आवाजाला टेकायला मऊ जागाच नाही. जाड पडदे लावले, सतरंजी टाकली, पुस्तकांचं कपाट त्या बाजूला सरकवलं तेव्हा थोडा फरक पडला.

आता दारच लावणार. सुताराशी बोलले, उद्या येतोय. पोकळ दार नको, भरीव फ्लश डोअर पाहिजे, चारी बाजूला रबराची पट्टी आणि दार लावलं की खाली पडून फट बंद करणारं सील. बाजूची पोकळी जिप्समच्या एका पाटीनं नाही, विटेनंच भरायची. मशीनला हवा लागते म्हणून खिडकी बाहेरच्या बाजूला उघडी ठेवायची. हे कळल्यावर बिल्डरच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, ओपन लुक जाईल, रीसेलला अडचण येईल." अरे, मला घर विकायचं नाही, राहायचंय त्यात! लुक गेला खड्ड्यात. आणि विटेचा, दाराचा, सुताराचा खर्च मी त्यालाच पाठवणार आहे. देणार नाही हे माहीत आहे, तरी पाठवणार. आणि बिल्डिंगमधल्या ज्यांना ज्यांना हाच त्रास आहे त्यांनीही पाठवा.