लागू करा म्हणे!

सकाळी सकाळी शेजारच्या काकू नायट्याच्या मलमाची ट्यूब घेऊन दारात उभ्या. खोक्यातला कागद पुढे धरून म्हणाल्या, "अगं, बघ गं जरा, हे लावायचंय की आणखी काही करायचंय?" कागदावर छापलंय: प्रभावित व आसपासच्या क्षेत्रावर दिवसातून दोनदा पातळ थर लागू करा.

लागू करा! संचारबंदी लागू करतात. आचारसंहिता लागू होते. वेतन आयोग लागू होतो, तोही रडतखडत. मलम लावतात हो, मलम! गुडघा फुटलेलं चार वर्षांचं पोर "आई, मलम लाव" म्हणतं, त्याला कुणी शब्दकोश दिलेला नसतो.

आणि 'प्रभावित क्षेत्र' म्हणजे काय? पूरग्रस्त तालुका आहे का काकूंचं कोपर? की कुणाचं भाषण ऐकून प्रभावित झालंय?

सगळं रामायण इंग्रजीतल्या 'अप्लाय' या एका शब्दाचं. मूळ लॅटिन, 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणं. एक वस्तू दुसरीवर नीट बसवायची, चिकटवायची, हा पहिला अर्थ. जुन्या फ्रेंचमधून 14व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा गोतावळा वाढला. रिप्लाय, मल्टिप्लाय, डुप्लिकेट, कॉम्प्लिकेटेड ही सगळी त्याच घडीची भावंडं. (सप्लाय आणि कम्प्लाय दिसायला सारखे, पण ते या घरातले नाहीत. त्यांचं मूळ 'भरणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे.)

इंग्रजाला हा शब्द वापरताना प्रश्न पडत नाही, कारण पुढचं नाम अर्थ सांगतं. पुढे मलम आलं तर पुट ऑन, स्प्रेड, रब इन. नोकरी आली तर रिक्वेस्ट, पुट इन फॉर. नियम आला तर होल्ड, पर्टेन. जोर आला तर एक्झर्ट. स्वतःलाच अप्लाय केलं तर मन लावून काम करणं. हे प्रतिशब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. इंग्रजीत नोकरी कुणी 'रब इन' करत नाही आणि मलमाला कुणी 'रिक्वेस्ट' करत नाही. म्हणजे शब्द एक असला तरी क्रिया पाच-सहा आहेत. म्हणून भाषांतर करताना आधी कर्म बघायचं, मग क्रियापद. 'अप्लाय' या शब्दाकडे शेवटी बघायचं. ही पहिली पायरी ज्याने गाळली, त्याने काकूंचा कागद छापला.

मराठीत तर हे काम जन्मजात सोपं आहे. कुंकू लावतात, काजळ घालतात, मेंदी काढतात, शिक्का मारतात, ब्रेक दाबतात, शिलाई मशीनला तेल देतात. रंगारी भिंतीला 'कोट लागू' करत नाही. आधी पुट्टी भरतो, घासतो, मग प्राइमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात मारतो. प्रत्येक वस्तूला तिचं क्रियापद आहे आणि ते ऐकलं की हात काय करणार ते डोळ्यांपुढे येतं.

बरं, मान्य. 'लागू' हा शब्द वाईट नाही. फॉर्मवरचं 'लागू नाही' अगदी योग्य आहे, 'अटी लागू' सुद्धा. भाषांतर करणाऱ्याला पुष्कळदा नुसती शब्दांची यादी येते, शब्द कुठल्या बटणावर बसणार ते कुणी सांगत नाही, हेही मान्य. पण मग विचारायचं ना! नोकरीच्या जाहिरातीखाली 'आता लागू करा' असं बटण दिसतं तेव्हा माझं डोकं फिरतं. अर्ज करा! पदासाठी अर्ज, कार्यालयाकडे अर्ज. इंग्रजीत 'फॉर' आणि 'टू' वेगळे, तसे आपल्याकडेही दोन्ही प्रत्यय तयार आहेत.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, कारण शेतीच्या औषधांच्या डब्यांवरही हेच चालतं. तिथे 'अप्लाय' म्हणजे फवारणी असते, आळवणी असते, धुरळणी असते, बीजप्रक्रिया असते. फवारणीचं पानावर जातं. आळवणीचं बुडाशी, मुळांपाशी ओततात. बीजप्रक्रियेचं पेरणीआधी बियाण्याला चोळतात. 'लागू करा' वाचून यातलं काय करायचं? युरियाचंच घ्या. जमिनीतून द्यायचा तर ओल बघून, बुडापासून जरा लांब टाकतात आणि मातीआड करतात. पानावर फवारायचा तर 2 टक्के, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. प्रमाण चुकून घट्ट झालं की पानं कडेने करपतात. 'युरिया लागू करा' लिहिणाऱ्याने पीक पाहिलंय का कधी?

प्रथमोपचाराच्या तक्त्यावर 'जखमेवर दबाव लागू करा' असं लिहिलं तर? दबाव आमदारावर येतो. जखमेवर दाब देतात. 'स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरा, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका.' रक्त वाहत असताना घाबरलेल्या माणसाला हे वाक्य कळतं. 'दबाव लागू करा' वाचलं तर तो 'लागू' म्हणजे काय याच विचारात अडकेल.

पुन्हा त्या ट्यूबकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे 'औषध लागू पडलं' म्हणतात, म्हणजे गुण आला. त्यामुळे काकूंनी वाक्याचा जो अर्थ काढला तो मराठीच्या दृष्टीने अचूक होता. त्या म्हणाल्या, "लागू करा म्हणजे गुण येऊ द्या, असंच ना? पण ते माझ्या हातात आहे का?" आता यावर काय बोलणार! हसू आलं, राग जरा उतरला.

क्रियापद सुधारलं तरी पुढची क्रियाविशेषणं उरतातच. 'लिबरली' म्हणजे 'उदारपणे' नव्हे. उन्हाच्या क्रीमला 'भरपूर लावा, हात आखडू नका' म्हणावं. 'स्पेअरिंगली' म्हणजे 'हात राखून, अगदी थोडं'. 'थिन लेअर' म्हणजे पातळ थर हे बरोबर, पण पातळ म्हणजे किती? डॉक्टर लोक यासाठी बोटाचं माप वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सुरकुतीपर्यंत ट्यूबमधून रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. इंग्रजीत त्याला फिंगरटिप युनिट असं लांबलचक नाव आहे. आपल्याकडे शब्द तयार आहे, पेर. एक पेरभर मलम! इतका नेमका शब्द घरात असताना 'योग्य प्रमाणात लागू करा' छापवतं तरी कसं?

चांगले प्रतिशब्द घडले नाहीत असंही नाही. अप्लाइड आर्टला 'उपयोजित कला' म्हणतो, दहावीच्या मराठीच्या पेपरात 'उपयोजित लेखन' असतं, कुणाला खटकत नाही. तिथे कुणीतरी थांबून विचार केला होता. औषधाच्या कागदावर तेवढाही वेळ कुणी का देऊ नये? तो कागद वाचणाऱ्याला खाज सुटलेली असते, चष्मा सापडत नसतो.

शेवटी काकूंच्या खोक्याच्या मागे मार्करने मोठ्या अक्षरात लिहून दिलं:

जागा धुऊन नीट कोरडी करा. नायट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर 2 सेंमीपर्यंत पातळ लावा, हलकं चोळा. सकाळ-संध्याकाळ. मग हात धुवा. खाज थांबली म्हणून बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

काकूंनी वाचलं, म्हणाल्या, "मग हेच छापायला काय झालं होतं त्यांना?"