६७ विजयांच्या डॅलसने खरंच कच खाल्ली होती का?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या धक्कादायक निकालांची यादी निघाली की २००७ च्या प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद लढतींची) पहिली फेरी हमखास येते आणि तिच्यामागोमाग हा दावा: "६७ सामने जिंकलेली डॅलस मॅव्हरिक्स ४२ जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून ४-२ अशी हरली. आकडे डॅलसच्याच बाजूने होते. बचावाच्या नावाने बोंब असलेल्या संघापुढे डॅलसचा हुकमी खेळाडू नोवित्स्कीने कच खाल्ली, बस्स." सात सामन्यांच्या मालिकेत आठव्या मानांकिताने पहिल्याला हरवलं ते तेव्हाच पहिल्यांदा, एवढं खरं. बाकीचं तपासून पाहावं लागेल.

"६७ विरुद्ध ४२." त्याच हंगामात सॅन अँटोनियो स्पर्सने ५८ सामने जिंकले, पण सामन्यामागे सरासरी गुणफरक स्पर्सचा +८.४ आणि डॅलसचा +७.२. एका गुणाने जिंका नाहीतर वीस गुणांनी, खात्यावर विजय एकच जमा होतो. त्यामुळे ८२ सामन्यांत कोण किती वरचढ होतं हे गुणफरकावरून जास्त कळतं. विजेतेपदही स्पर्सनेच नेलं. ४२ चा आकडाही असाच फसवा. जानेवारीत इंडियानाशी आठ खेळाडूंची अदलाबदल होऊन स्टीफन जॅक्सन आणि अल हॅरिंग्टन आले, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बॅरन डेव्हिस मार्चमध्ये परतला आणि २६-३५ वर रखडलेल्या संघाने उरलेल्या २१ पैकी १६ सामने जिंकले. डॅलसच्या वाट्याला आला तो हा संघ. हंगामातल्या तिन्ही आपसातल्या लढतीही वॉरियर्सनेच जिंकल्या होत्या, पण शेवटची लढत डॅलसचं पहिलं स्थान पक्कं झाल्यावरची होती, तिचा फार गाजावाजा नको.

"वॉरियर्स सामन्याला जवळपास १०७ गुण देत, त्यांना बचाव येतच नव्हता." धावत्या खेळात दोन्ही संघांच्या हाती चेंडू जास्त वेळा येतो, म्हणून गुण सामन्यामागे नाही, ताब्यामागे, म्हणजे चेंडू हाती आल्याच्या प्रत्येक पाळीमागे मोजायचे. हिशेब सोपा आहे: बास्केटवर मारलेले एकूण शॉट, वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू), अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). समजा प्रतिस्पर्ध्याचे ८५ शॉट, ११ आक्रमक रिबाउंड, १५ टर्नओव्हर, २५ फ्री थ्रो: ८५ − ११ + १५ + ११ = १०० ताबे. त्यात १०७ गुण दिले तर शंभर ताब्यांमागे १०७. तेच ९० ताब्यांत दिले असते तर ११९. ०.४४ अशासाठी की फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, प्रत्येकाने ताबा संपत नाही. आक्रमक रिबाउंड वजा करायचे राहिले तर एकच ताबा दोनदा मोजला जातो. घोळ बहुतेक इथेच होतो. २००४-०५ ची फिनिक्स सन्स सामन्यामागे १०३.३ गुण देऊन तळाला दिसते, ताब्यामागे मोजलं की तीसपैकी सतरावी.

"नोवित्स्कीने कच खाल्ली." हंगामात सामन्यामागे सरासरी २४.६ गुण, मालिकेत १९.७, पहिल्या सामन्यात १६ पैकी ४ शॉट आत, सहाव्यात १३ पैकी २. वाईट खेळला, वाद नाही. पण सात फुटी नोवित्स्कीची सारी मदार उंच, संथ बचावपटूंच्या डोक्यावरून शॉट मारण्यावर. वॉरियर्सने त्याच्यावर ठेवला तो सहा फूट आठ इंचांचा, चपळ जॅक्सन. तो त्याच्या कमरेला बिलगून राही, आवडत्या जागी चेंडू मिळू देत नसे आणि नोवित्स्कीने ड्रिबल सुरू करताच दुसरा बचावपटू धावून येई. हे सुचलं वॉरियर्सचा प्रशिक्षक डॉन नेल्सनला. २००५ पर्यंत तोच डॅलसचा प्रशिक्षक होता, नोवित्स्कीला घडवलं त्यानेच. घरका भेदी म्हणा हवं तर. उलट डॅलसचा प्रशिक्षक एव्हरी जॉन्सनने पहिल्याच सामन्यात सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) डॅम्पियरला बाहेर बसवून लहान चणीचा संघ उतरवला. उंची आणि रिबाउंड ही डॅलसची जमेची बाजू सोडून ते वॉरियर्सच्या पद्धतीने खेळायला गेले आणि ८५-९७ हरले. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात महागडी चूक हीच.

आता उलट टोक: "म्हणजे वॉरियर्सच सरस होते." पुढच्याच फेरीत युटा जॅझने त्यांना ४-१ असं घरी पाठवलं. बूझर आणि ओकुर या युटाच्या दोन धिप्पाड खेळाडूंपुढे बास्केटजवळ टिकतील अशी माणसं लहान चणीच्या वॉरियर्सकडे नव्हती. जॅक्सन आणि डेव्हिस तेच होते, फक्त समोरचे बदलले होते.