‘उद्याचा रझा आज स्वस्तात घ्या’ या मेसेजला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पंधरा दिवसांत तीनदा येऊन गेला. त्याचा सारांश असा: चित्रकार रझा नागपुरात शिकले, चित्रकार गायतोंडे नागपुरात जन्मले, आज त्यांची चित्रं कोटींत जातात. तेव्हा नाव न झालेल्या चित्रकारांची कामं आत्ताच उचला, त्यांना पैशांची गरज असते म्हणून अर्ध्या भावात मागा, बिलाच्या भानगडीत पडू नका. चित्र एकदा तुमचं झालं की कॅलेंडर छापा, काय हवं ते करा. सांभाळायचा खर्च शून्य. दहा वर्षांत सोन्याला मागे टाकेल.

नव्या चित्रकारांची चित्रं घ्या, असं मीही कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. म्हणूनच या मेसेजचा मला राग येतो. तो वाचून जो माणूस खरेदीला जाईल, तो चार-पाच वर्षांत वैतागेल आणि पुन्हा कुणाचंही चित्र घेणार नाही.

आधी रझा. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत होते, हे खरं. पण पुढे मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय, मग १९५० मध्ये फ्रान्स, आणि नंतरची जवळपास सहा दशकं तिथेच. ५१.७५ कोटींना गेलेलं त्यांचं ‘जेस्टेशन’ हे चित्र १९८९ चं. म्हणजे ते काही उमेदवारीतलं काम नव्हे, साठी ओलांडलेल्या आणि जगभर नाव झालेल्या चित्रकाराचं आहे. त्याचा लिलाव झाला २०२३ मध्ये, रझा जाऊन सात वर्षं झाल्यावर. गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले, पण शिकले मुंबईत. ते गेले २००१ मध्ये आणि त्यांचं चित्र २३.७ कोटींना विकलं गेलं २०१३ मध्ये. यात ‘दहा वर्षं’ कुठे बसतात? शिवाय रझांच्या वर्गात बाकीची मुलंही होतीच की. त्यांच्यापैकी कुणाचं नाव मेसेज लिहिणाऱ्याला सांगता येईल?

सोन्याशी तुलना तर मुळातच चुकीची आहे. बांगडी घेऊन आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात गेलात, तर संध्याकाळपर्यंत पैसे हातात पडतात. नव्या चित्रकाराचं चित्र परत विकायचं म्हटलं तर लिलाववाले बहुधा घेत नाहीत, कारण त्यांना आधीच्या विक्रीचा इतिहास लागतो. घेणारा आपणच शोधायचा. सापडला आणि नफा झालाच, तर चित्र कायद्याने भांडवली मालमत्ता आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे.

आता अर्ध्या भावाबद्दल. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या एका मुलीने मला तिच्या वहीतला हिशेब दाखवला होता. तीन बाय चार फुटांचं ॲक्रिलिक. कॅनव्हास, स्ट्रेचर (कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट), प्रायमर आणि रंग मिळून ४,२०० रुपये. काम दोन महिन्यांचं. किंमत २२,०००. सामान वजा केलं की उरतात १७,८००, म्हणजे महिन्याला ८,९००. त्यात खोलीचं भाडं, आणि तेही चित्र विकलं गेलं तर. गॅलरीमार्फत विकलं तर एक तृतीयांश, कधी निम्मे त्यांचे. तुम्ही ११,००० ला मागता तेव्हा तिच्या हातात महिन्याला ३,४०० पडतात. साडीच्या दुकानात आपण यापेक्षा जास्त सहज मोडतो, आणि तिथे ‘फिक्स रेट’ची पाटी दिसली की मुकाट्याने पैसे देतो.

दुसरं असं, की तिने तुम्हाला अर्ध्यात दिलं, तर मागच्या महिन्यात पूर्ण पैसे मोजून गेलेल्या माणसाचं चित्रही त्याच दिवशी अर्ध्या किमतीचं झालं. उद्या ती वेळ तुमच्यावर येईल. ज्या चित्रकाराचा भाव गिऱ्हाइकागणिक बदलतो, त्याच्या चित्राला भावच राहत नाही. बजेट कमी असेल तर हप्ते मागा. मी दोन चित्रं हप्त्यांनीच घेतली आहेत, आणि दोन्ही चित्रकारांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नाहीतर छोटं काम घ्या, कागदावरचं ड्रॉइंग घ्या, वुडकट किंवा एचिंगची (लाकडी ठशावरून किंवा धातूच्या पत्र्यावरून छापलेली) प्रत घ्या.

बिल नको म्हणे, जीएसटी वाचतो. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आणि राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही. नव्या मुलांपैकी बहुतेकांना तो लागूच नाही. मग वाचवताय काय? उलट चित्राचं नाव, माध्यम, माप, साल, किंमत आणि सही असलेली साधी पावती नसेल, तर ते चित्र त्याच चित्रकाराचं आहे हे उद्या सिद्ध कसं करणार?

कॅलेंडरचं तर अजिबात करू नका. तयार चित्र विकत घेतलं की कॅनव्हास तुमचा होतो, कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. (पैसे देऊन मुद्दाम सांगून करवून घेतलेल्या चित्राचा नियम वेगळा आहे, तेव्हा सांगतानाच लिहून ठरवा.) १९५७ च्या या कॉपीराइट कायद्यात आणखी एक तरतूद आहे: मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर विकलं गेलं, तर चित्रकाराचा त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा असू शकतो. प्रत्यक्षात तो दिलेला फारसा दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगते.

आणि सांभाळायचा खर्च शून्य? मी घेतलेलं पहिलं काम एक वुडकट होतं, पंधरापैकी तिसरी प्रत. खाली पेन्सिलीने ३/१५ आणि सही. हौसेने हॉलमध्ये लावलं, कूलरच्या बरोबर समोर. आपल्याकडे मार्चअखेर कूलर सुरू होतो तो पाऊस पडेपर्यंत, आणि ओल्या ताट्यांची हवा दिवसरात्र त्या भिंतीवर. फ्रेमवाल्याने माउंट (चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) न घालता कागद थेट काचेला चिकटवला होता, मागे साधा पुठ्ठा. जुलैत कागदाला पोक आलं, ऑगस्टमध्ये कोपऱ्यात तपकिरी ठिपके. मी ते चित्रकाराकडे घेऊन गेले. त्याने फ्रेम उघडली, मऊ ब्रशने बुरशी झटकली, आम्लविरहित माउंट घालून काच आणि कागद यांत फट ठेवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. दोन ठिपके राहिलेच.

आता ते आतल्या पॅसेजमध्ये आहे, ऊन आणि कूलर दोन्हींपासून लांब. सोसायटीत कुणाकडे कागदावरचं काम हॉलमध्ये लावलेलं असेल, तर नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधी मला दाखवा. फ्रेम उघडून बघू.