भिंतीवरचे नाव

माझा भाचा महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात भिंती रंगवतो, कधी परवानगी घेऊन आणि कधी न घेता. गेल्या दिवाळीत फोनवरच त्याचा आणि त्याच्या वडिलांचा वाद झाला. पंधरा वर्षांहून अधिक काळ मी न्यूयॉर्कमध्ये राहत असल्यामुळे दोघांनीही साक्षीला मलाच बोलावले. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे भिंतींवर लिहिणाऱ्या बास्कियाचे चित्र कोट्यवधी डॉलरना विकले जाते आणि इथे आम्हाला दंडाची भीती घालतात." दाजींचे म्हणणे असे की, परदेशातली शहरे शिस्तीमुळे नीटनेटकी राहतात आणि आपल्याकडे १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे तो उगाच नाही.

भाच्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच आहे. ज्याँ-मिशेल बास्किया १९६० मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मला. वडील हैतीचे, आई पोर्तो रिकन वंशाची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो आणि त्याचा मित्र अल डियाझ 'सेमो' या एकाच टोपणनावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर उपरोधिक, कवितेसारखी वाक्ये लिहीत असत. ही वाक्ये सोहोसारख्या भागांत, म्हणजे कलादालनांची माणसे रोज जिथून ये-जा करीत त्या रस्त्यांवर असत, ही बाब मला महत्त्वाची वाटते. दोघांचे बिनसल्यावर 'सेमो मेला' असेही भिंतींवरच लिहिले गेले. जून १९८० मधले टाइम्स स्क्वेअरचे सामूहिक प्रदर्शन, १९८१ मधले पी. एस. वन या संस्थेतले प्रदर्शन, १९८२ मध्ये आनिना नोसेई यांच्या दालनातले अमेरिकेतले पहिले स्वतंत्र प्रदर्शन आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात वयाच्या एकविसाव्या वर्षी सहभाग, असा त्याचा पुढचा प्रवास विलक्षण वेगाने झाला. १९८८ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, तो अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. त्याचे १९८२ मधले एक चित्र १९८४ मध्ये १९,००० डॉलरना विकले गेले होते. तेच २०१७ च्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरना गेले.

मात्र दालने बास्कियाला उचलून धरत होती, त्याच वर्षांत शहर भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांवर लिहिणाऱ्या मुलांच्या मागे लागले होते. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकल स्ट्युअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुण कलाकाराला भुयारी रेल्वेच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडले. पोलिसांच्या ताब्यात असतानाच तो बेशुद्ध झाला आणि तेरा दिवसांनी रुग्णालयात वारला. खटला चाललेले सर्व पोलीस १९८५ मध्ये निर्दोष सुटले. आपल्या बाबतीतही हेच घडू शकले असते, या भीतीने बास्किया हादरून गेला आणि त्याने चित्रकार मित्र कीथ हेरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर एका काळ्या आकृतीवर दंडुके उगारणारे दोन पोलीस रंगवले. वर इंग्रजीत एकच शब्द लिहिला, प्रश्नचिन्हांच्या मध्ये. त्या शब्दाला मराठीत विद्रूपीकरण म्हणतात. आपल्या कायद्याच्या नावात असलेला हा शब्द दाजींच्या तोंडून ऐकला तेव्हा मला ते चित्र आठवले आणि मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. हेरिंगने पुढे भिंतीचा तो तुकडा कापून घेतला, सोनेरी चौकटीत बसवला आणि आपल्या पलंगाच्या वर टांगला. २०१९ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाने त्या चित्राभोवती प्रदर्शन उभे केले.

म्हणून मी भाच्याला सांगतो की न्यूयॉर्कने भिंतीचा सन्मान केलेला नाही. या शहराच्या दालनांनी भिंतीपासून सुटलेल्या एका माणसाचा सन्मान केला. बास्कियाचा तो मान निर्विवाद आहे, कारण त्याची चित्रे खरोखरच थोर आहेत आणि केवळ 'ग्राफिटी कलाकार' म्हणवून घेणे त्याला स्वतःलाही मान्य नव्हते. पण 'सेमो' म्हटल्यावर डियाझचे नाव किती जणांना आठवते? आपल्याकडेही याहून फार वेगळे घडले नाही. वारली लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी काढायचे चौकोनी चित्र, झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिनी लिहीत आल्या. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणली, ती जगभर नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. त्या सवासिनींची नावे मात्र कोणी विचारली नाहीत.

न्यूयॉर्ककडून घ्यायचेच असेल तर मी दुसरी गोष्ट सुचवीन. क्वीन्समध्ये ७ क्रमांकाच्या गाडीच्या खिडकीतून 'फाइव्ह पॉइंट्झ' ही चित्रांनी झाकलेली इमारत दिसत असे; नोव्हेंबर २०१३ मधल्या एका सकाळी ती पांढरीफटक दिसली, तेव्हा डब्यातली कितीतरी माणसे खिडकीशी उठून उभी राहिली होती. मालकाच्याच परवानगीने काढलेली चित्रे त्याने रातोरात पुसली होती. २०१८ मध्ये न्यायालयाने एकवीस कलाकारांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली आणि २०२० मध्ये अपिलातही ती कायम राहिली. इथे भिंत मालकाची असली तरी चित्र चित्रकाराचे आहे, एवढे कायद्याने मान्य केले.

आपल्या कायद्यातही याला आधार आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात कलाकृतीवर स्वतःचे नाव सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा हक्क आहे. विज्ञान भवनातून उखडलेल्या भित्तिशिल्पासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्येच शिल्पकार अमरनाथ सहगल यांना पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे उरलेले भाग देवविले होते. म्हणून फोन ठेवण्यापूर्वी मी भाच्याला विचारले, की गेल्या वर्षी सुशोभीकरणाच्या मोहिमेत त्याने आणि त्याच्या पाच मित्रांनी उड्डाणपुलाखालची जी भिंत रंगवली, तिच्यावर कोणाचे नाव आहे. तो म्हणाला, प्रायोजकाचे. दाजींना हे ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने तेच म्हणाले की पुढच्या वेळी करारातच सहा नावांची अट घालून घे, मी मसुदा लिहून देतो.