‘ताण मोबाइलमध्ये नाही, मनात आहे’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा धाकट्या बहिणीने मला एक फॉरवर्ड पाठवला. ‘ऑफिसच्या मोबाइल-ताणातून मुक्तीचे 6 उपाय’. तिच्या टीमच्या ग्रुपवर साहेबांनीच टाकला होता आणि खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली होती. बहिणीने त्याखाली मला लिहिलं, ‘दादा, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक.’ ते वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय. तुझं काहीही चुकत नाहीये, हे तिला आधीच सांगून टाकलंय.

ते सहा उपाय असे: ताण यंत्रात नसतो, मनात असतो, तेव्हा रोज दहा मिनिटं ध्यानाचं ॲप लावा. रात्री आलेल्या मेसेजला तिथल्या तिथे उत्तर द्या, म्हणजे डोकं रिकामं होऊन शांत झोप लागते. एकाच वेळी अनेक कामं करायची सवय लावा. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या. रविवारी मोबाइल बंद ठेवा. आणि आधीच्या पिढीने अशा तक्रारी कधी केल्या नाहीत, तेव्हा तुम्हीही करू नका.

रात्रीच्या मेसेजपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच उपाय करतो. बहिणीच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला मेसेज पडतो, ‘उद्या नऊच्या आत आकडे हवेत.’ कुणीतरी लगेच ‘येस सर’ लिहितो. मग जे गप्प आहेत ते उठून दिसायला लागतात, म्हणून जेवणखाण आवरत असलेले, पोराला झोपवत असलेले सगळे एकामागून एक ‘ओके’ टाकतात. पाठवणाऱ्याला त्यातून एवढंच समजतं की ही माणसं साडेदहालाही हाताशी असतात. पुढच्या वेळी त्याला अकराला मेसेज टाकायला काहीच वाटत नाही. यात डोकं रिकामं कुठे झालं? उलट उद्या रात्रीही फोन बघावा लागणार हे पक्कं झालं. अमेरिकेत विल्यम बेकर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये नेमकं हेच मांडलं. प्रत्यक्ष काम करावं लागो न लागो, ‘कधीही उत्तर द्यावं लागेल’ ही अपेक्षाच माणसाला अस्वस्थ ठेवते आणि त्याची झळ घरातल्या जोडीदारालाही बसते. बहिणीचा नवरा हे अभ्यास न वाचताही सांगेल.

हे नुसतं चिडचिडीपुरतं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा 2021 चा अंदाज आहे की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. रात्रीचा अर्धा-पाऊण तास हजेरीपटावर येत नाही. शरीर मात्र तो हिशोबात धरतं. म्हणून तर फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. जिथे कायदा पाठीशी नाही, तिथे ‘लगेच उत्तर द्या’ हा सल्ला साहेबाने आपल्या हाताखालच्या माणसांना देणं मला सरळ अन्यायाचं वाटतं.

आता ‘ताण मनात असतो’. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. हा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान, मन खंबीर करण्याचं प्रशिक्षण, स्वास्थ्याची ॲप्स असे कंपनीने दिलेले उपक्रम घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांची त्यात तुलना होती. घेतलेल्यांची मनःस्थिती काही चांगली दिसली नाही. अपवाद एकच, समाजकार्यासाठी वेळ देण्याची सोय. ध्यानाने कुणाला बरं वाटत असेल तर त्याने जरूर करावं, माझी आई रोज करते. पण कामाचा भार, वेळापत्रक आणि माणसांची संख्या तशीच ठेवून ध्यानाचं ॲप वाटणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून घरातल्यांना छत्र्या वाटणं. वर कुणी भिजलं तर छत्री नीट धरली नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा.

आधीच्या पिढीने तक्रार केली नाही हे तर साफ खोटं आहे. संगणकामुळे येणाऱ्या ताणावर क्रेग ब्रॉड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1984 मध्येच लिहून ठेवलंय. आणि एवढं लांब जायला नको. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन सारखे अडकायचे, ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होतं, आणि माहिती भरायची जबाबदारी मात्र त्यांचीच. पोरांना खाऊ घालणाऱ्या, वजन-उंची घेणाऱ्या, वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या बायका या. त्यांचं मन कमकुवत होतं असं कुणी म्हणून दाखवावं. त्यांनी चालणारे फोन मागितले, मराठीत ॲप मागितलं. ताणावरचा खरा इलाज काय असतो हे त्यांना बरोबर कळलं होतं.

चष्म्यावर फार वेळ घालवत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये 17 चाचण्या एकत्र तपासल्या, आणि डोळ्यांचा थकवा या भिंगांनी बहुधा कमी होत नाही असंच निघालं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी जरा खिडकीबाहेर लांब बघावं, पैसे पडत नाहीत. एकाच वेळी अनेक कामांचंही तसंच. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात मन थोडं अडकून राहतं आणि पुढचं काम त्यामुळे बिघडतं. विषय संपला.

रविवारच्या उपायात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. नोटिफिकेशन बंद केल्याने, फोन उशाशी न ठेवल्याने फरक पडतो. पण सोमवारी सकाळी ‘काल मेसेज का बघितला नाहीस’ असं विचारलं जाणार असेल तर रविवारभर बंद फोनकडेच लक्ष राहतं. साहेबाचा रविवार बंद असेल तरच टीमचा रविवार बंद होतो.

बहिणीला मी जे सुचवलंय ते इथेही लिहितो. एकटीने बोलू नकोस, टीममधल्या तिघी-चौघींनी मिळून बोला. रात्री आलेले मेसेज आणि त्यांच्या वेळा लिहून काढा, आणि त्यातल्या किती कामांचं सकाळपर्यंत खरंच अडणार होतं ते त्यापुढे लिहा. मग मागणी करा: संध्याकाळी सातनंतर ग्रुप बंद. खरंच तातडीचं असेल तर मेसेज नको, फोन करायचा, तोही त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्यालाच, आणि त्याला बदली सुट्टी. साहेबांना रात्री काही सुचलं तर त्यांनी ईमेल सकाळी नऊला जाईल असा वेळ लावून ठेवावा, ती सोय असते. कामाच्या सूचना ईमेल, ग्रुप आणि फोन अशा तीन ठिकाणी न येता एकाच ठिकाणी याव्यात. आणि हे सगळं तोंडी न ठेवता एचआरकडून लेखी घ्या.