दूध तयार आहे

आमच्या धंद्यात कामाला सुपारी म्हणतात. भर एसटीत मोबाइल कानाला लावून मी म्हणतो, "हो दादा, शनिवारची सांगलीची सुपारी घेतली. काम उरकून रात्रीच निघतो." त्यासरशी शेजारचा माणूस आपली पिशवी मांडीवर घेतो आणि खिडकीला चिकटून बसतो. पुढे मी स्टँडअप कॉमेडियन आहे हे कळलं की त्याला हायसं वाटतं. मग चेहऱ्यावर काळजी येते. "बरं बरं. पण कामाला कुठं आहात?"

सुपारी ठरतानाचं बोलणं साधारण असं होतं.

"किती जण येणार तुम्ही?"

"एकटाच."

"वादक?"

"नाहीत."

"मग तुम्ही नक्की करता काय?"

"बोलतो."

पलीकडे जरा वेळ नुसती खरखर. "नुसतं बोलायचे एवढे? बोलायला आमच्याकडे सरपंच आहेत की. फुकट बोलतात, आणि थांबत पण नाहीत."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देऊन जातात. तिथे दिलेल्या पैशाला ट्रक येतो, तंबू येतो, ढोलकी येते. माझ्यासोबत फक्त एक सॅक येते. पण मला त्या फडातल्या सोंगाड्याचा हेवा वाटतो तो ट्रकसाठी नाही. त्याचा विनोद पडला तर मागून ढोलकीवाला एक थाप मारतो आणि पडलेला विनोद उचलून उभा करतो. माझा पडला की तो तिथेच पडून राहतो. मी त्याच्याकडे बघतो, लोकही त्याच्याकडे बघतात. मागे आधाराला असतो तो फ्लेक्स. त्यावर अध्यक्षांचा हसरा फोटो असतो, आणि कित्येकदा अख्ख्या मांडवात हसणारे तेवढेच एक. कोपऱ्यात माझाही फोटो असतो, म्हणजे माझा असेलच असं नाही. एकदा तिथे माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा बरा दिसणारा कुणीतरी छापला होता. लोक शेवटपर्यंत त्याची वाट बघत होते.

पण हे सगळं किरकोळ आहे. सरपंच, फ्लेक्स, "हॅलो चेक" करता करता रंगात येऊन भाषणच ठोकणारा साउंडवाला, सगळ्यांना मी माफ केलं आहे. विनोदाचा खरा वैरी एकच. जेवण. जेवणाआधी कार्यक्रम ठेवला की लोक भुकेले असतात, आणि भुकेला माणूस वक्त्याकडे बघत नाही, वाढप्याकडे बघतो. जेवणानंतर ठेवला की पहिल्या रांगेतल्या काकांची श्रीखंडामुळे समाधी लागलेली असते. आणि जेवण चालू असताना ठेवला, तर मग मी म्हणजे भिंतीवरचा पंखा. चालू असला तर बरं, बंद पडला तरी कुणी ताटावरून उठत नाही.

हे वैर मला पहिल्या दिवसापासून चिकटलं आहे. पुण्यात कॅफेंमध्ये ओपन माइक होतात. तिथे आपल्याला पाच मिनिटं मिळतात, काही ठिकाणी त्या पाच मिनिटांचे पैसे आपणच भरायचे. चौथं मिनिट संपलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, विहिरीत पडलेल्याला शोधतात तसा. मी गोष्ट रंगवत आणतो, आवाज खाली घेतो, लोक पुढे झुकतात, शेवटचं वाक्य ओठावर येतं, आणि नेमकी त्याच क्षणी कुणाची तरी कोल्ड कॉफी मिक्सरमध्ये पडते. घर्रर्रर्र. मिक्सर थांबतो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत असतात. वाक्य आता म्हणावं तर शिळं, न म्हणावं तर गोष्ट लंगडी. एकदा मी आधीच काउंटरवर जाऊन विनवणी केली, "दादा, माझ्या वेळेला तेवढं गरम काहीतरी विका ना." त्याने मान डोलावली. माझ्या वेळेला त्याने पॉपकॉर्न केले.

कंपन्यांच्या कार्यक्रमांबद्दल फार बोलत नाही. तिथे पैसे वेळेवर मिळतात. हॉलच्या मागच्या टोकाला गरम जिलब्यांचा काउंटर असतो आणि मला चाळीस मिनिटं दीडशे पाठींशी बोलायचं असतं, एवढंच.

कोजागिरीचं मात्र सांगायलाच हवं.

उपनगरातली एक सोसायटी होती. कार्यक्रम गच्चीवर, वेळ साडेआठची. मला माइक मिळाला सव्वादहाला. तोवर लहान मुलांचे नाच झाले, रांगोळीची बक्षिसं झाली, आणि सेक्रेटरींनी टाकीच्या गळतीवर पंचवीस मिनिटं निवेदन केलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त प्रतिसाद मिळाला. गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर हे भलंमोठं पातेलं. एक काकू उलथन्याने दूध ढवळत होत्या. तळ खरवडला की खर्रर्र असा आवाज यायचा आणि तो माइकमधून दुप्पट मोठा होऊन परत यायचा. वेलदोडा, केशर, जायफळ यांचा वास सगळ्या गच्चीवर पसरला होता. खुर्च्या माझ्याकडे तोंड करून मांडल्या होत्या, माणसं मात्र पातेल्याकडे तोंड करून बसली होती.

मी माझी हुकमी गोष्ट काढली. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं आहे की मुलगा आयटीत आहे. त्यामुळे कुठल्याही लग्नाला गेलो की मांडवामागे मला कुणाचा तरी लॅपटॉप दुरुस्त करावा लागतो. गेल्या नऊ वर्षांत मी विनोदात किती पुढे गेलो माहीत नाही, प्रिंटर मात्र उत्तम दुरुस्त करतो. गोष्ट चढत होती. दोन जणांनी मान माझ्याकडे वळवली होती. मी शेवटच्या वाक्यासाठी श्वास घेतला.

"दूध तयार आहेऽऽ!"

गच्ची उठली. उठली म्हणजे एका दमात, राष्ट्रगीताला उठतात तशी. खुर्च्या सरकल्या, स्टीलचे पेले खणखणले, ज्यांना मी हसताना बघितलं होतं ते दोघे रांगेत सर्वांत पुढे. समोर राहिल्या एक आजी. त्या माझ्यासाठी थांबल्या असं वाटून माझा गळा दाटून आला. "उठवायला कुणी येईपर्यंत बसायचंय मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला. मला ऐकायला येत नाही."

सेक्रेटरी धावत आले. "थांबू नका हं! चालू ठेवा. मागे आवाज असला की बरं वाटतं."

मग मी रांगेकडे तोंड करून उरलेली पंचवीस मिनिटं केली. प्रिंटर सोडून दिला आणि रांगेबद्दलच बोलायला लागलो. दुसऱ्या पेल्याला एनओसी लागते का, भाडेकरूंना साय मिळणार की फक्त मालकांना, असं. तेव्हा कुठे लोक हसले. पण मी पण इरसाल, रांग संपेपर्यंत दुधाकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा पातेलं रिकामं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता तळाची खरवड काढून वाटीत घातली आणि चमचा दिला. जराशी करपलेली, जायफळाची, घट्ट. खोटं कशाला बोला, त्या रात्रीची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. माझी धरून.

शेवटी सत्कार झाला. शाल आणि नारळ. सत्कार कधीच चुकत नाही, पाकीट चुकू शकतं. घरी या क्षणी एकतीस नारळ आहेत. आईने चटण्या केल्या, वड्या केल्या, सोलकढी केली, आता ती नारळ शेजारी वाटते आणि सांगते की मुलाला कंपनीतून मिळतात.

तर मागच्या महिन्यात कोल्हापूरचा कार्यक्रम करून मला नागपूरला जायचं होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस घेतली. ही गाडी कोल्हापूरहून गोंदियापर्यंत साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर धावते आणि एवढं धावून महाराष्ट्राच्या बाहेर पाऊल टाकत नाही. अगदी माझ्यासारखी. दुपारी बसायचं, रात्री पुणं, आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात जाग येते तेव्हा "काय चाललंय"चं "काय चालू राह्यलं" झालेलं असतं. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवरचे माझे तीन विनोद (तीन आहेत, लाज वाटते) तिकडे पोचेपर्यंत नासतात.

समोर मिरजेचं एक जोडपं होतं, शेगावला दर्शनाला निघालेलं. लोणंदच्या आसपास काकूंनी डबा सोडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मला विचारलंसुद्धा नाही, सरळ हातात दोन धपाटे ठेवले.

"तुम्ही काय करता म्हणायचं?" काकांनी विचारलं.

खरं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मग सांगा की एक." तोंडात धपाटा होता. मी म्हटलं, "विम्यात आहे."

काकांनी हात धुतले, सीटखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि दोन पॉलिस्या माझ्यापुढे ठेवल्या. "हे बघा जरा. आमचा एजंट म्हणाला होता दुप्पट हुतील."

आता माघार नव्हती. मी घास गिळला, चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरून सावकाश वाचला. "होतात काका दुप्पट. एकच अट आहे."

"कुठली?"

"तुम्ही जायला पाहिजे. अपघातात."

अर्धा सेकंद डब्यात फक्त रुळांचा आवाज. मग काकूंना असा ठसका लागला की चटणी माझ्या शर्टावर. डोळे पुसत त्या काकांना म्हणाल्या, "अहो, उकडतंय ना तुम्हाला? मग दारात उभं राहा की जरा वाऱ्याला!"

वरच्या बर्थवरचा कॉलेजचा पोरगा पोट धरून हसायला लागला. बाजूच्या सीटवरचे हातातला घास तसाच धरून हसत होते. पलीकडच्या खणातून कुणीतरी "काय झालं, काय झालं" करत डोकावलं, काकांनी त्यांना पहिल्यापासून सांगितलं आणि ते पण हसले. काका स्वतः तर पुण्यापर्यंत थांबून थांबून हसत होते.

मी सॅकमधला कोल्हापूरचा नारळ काढून काकूंना दिला. "गजाननाला वाहा माझ्याकडून."

"कशाचा ओ?"

"ऑफिसात सत्कार झाला."

काका माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही त्या स्टेजवर बोलतात त्यांच्यात का जात नाही? लई चालेल तुमचं."

"गप बसा," काकू तिसरा धपाटा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या. "बरी नोकरी आहे पोराची. भलतं काहीतरी डोक्यात घालू नका त्याच्या."